घरी माणसं आहेत

माझा एक कान कायम फोनकडे असतो. आमचा गाळा भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या डब्यांचा. पॉलिशची मशीन चालू असली की शेजारी उभ्या बाईने हाक मारली तरी ऐकू येत नाही, पण पर्समधला फोन नुसता थरथरला तरी मला कळतं. माझं काम तयार डबे तपासायचं. झाकण नीट बसतं का, कड कुठे टोचते का, चरा पडलाय का. हात डब्यावर असतात आणि डोकं पेणकरपाड्यात असतं, कारण तिथे आमचं घर आहे आणि माझी तीन वर्षांची मुलगी असते. ती झाल्यापासून मी एक दिवस निवांतपणे काम केल्याचं मला आठवत नाही. नाही, चुकले. काही महिने केलं होतं. हे त्या महिन्यांविषयी आहे, आणि ते आमच्याच हाताने कसे घालवायला निघालो होतो त्याविषयी.

आमच्या बिल्डिंगच्या मागे महापालिकेचं समाजमंदिर आहे. पुढच्या हॉलमध्ये हळदी, बारशी, साखरपुडे होतात. मागे एक मोठी खोली वर्षानुवर्षं मोडक्या खुर्च्यांनी भरलेली असायची. त्या खोलीत महापालिकेने पाळणाघर सुरू केलं. महिला व बालकल्याण विभागाचा निधी, एका वर्षासाठी, प्रायोगिक तत्त्वावर, असं बाहेरच्या फलकावर लिहिलं होतं. फलक लागला तेव्हा कोणाचा विश्वास बसला नाही. महापालिका म्हणजे पाणी, गटार आणि घरपट्टी. ती पोरं कशाला सांभाळेल? आमच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "निवडणुका आल्या असतील."

मी मात्र लगेच नाव घातलं, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्याआधी मुलगी एका खाजगी पाळणाघरात जायची. म्हणजे एक वन रूम किचन, एक दमलेली बाई, डझनभर पोरं आणि भिंतीवर सकाळपासून चालू असलेला टीव्ही. ती बाई वाईट नव्हती. एकटं माणूस एवढ्या पोरांचं काय करणार? टीव्हीच लावणार. पण मुलगी घरी यायची ती सुकलेल्या तोंडाने, आणि डायपर बहुतेक वेळा सकाळी मी बांधलेलाच असायचा. अंगणवाडी जवळ होती, चांगलीही होती, पण अंगणवाडी दुपारी सुटते आणि आमचा गाळा संध्याकाळी. मधल्या तासांत मुलाने कुठे असायचं, ह्याचा विचार कुठल्या योजनेत केलेला मला तरी दिसला नाही.

समाजमंदिरातलं पाळणाघर पहिल्यांदा आत जाऊन पाहिलं तेव्हा मी दारातच थांबले. नळ खाली लावले होते, पोरांच्या छातीएवढ्या उंचीवर. इतक्या वर्षांत सरकारी इमारतीत कोणीतरी पोरांची उंची मोजून नळ लावलेला मी पहिल्यांदा पाहिला. ताई होत्या, प्रशिक्षण घेतलेल्या, आणि दोन मदतनीस. ताई कुठल्याही पोराशी बोलायच्या ते खाली जमिनीवर बसून. दुपारी खिचडी, उसळ, कधी उकडलेलं अंडं. फी होती, पण ती पगारातून भरता येत होती. महिन्याभरात माझी पोरगी घरी येऊन आम्हाला हात धुवायला लावायला लागली. मराठीत रुसायची, हिंदीत भांडायची आणि निघताना सगळ्यांना गुजरातीत "आवजो" करायची. मी गाळ्यात डबे तपासताना पहिल्यांदा डबे बघायला लागले. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, आजकाल रिजेक्शन बढ़ गया आपका." वाढणारच. आधी निम्मे चरे माझ्या नजरेतून सुटत होते.

फक्त शनिवारचा घोळ होता. पाळणाघर शनिवारी बंद, गाळा चालू. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर असतो, आज ठाण्यात तर उद्या पनवेलला, आणि फोन केला की नेमका कुठल्यातरी लिफ्टच्या खड्ड्यात असतो. त्यामुळे शनिवारी मुलगी बाबांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे.

बाबा निवृत्त बस ड्रायव्हर. सासूबाई जाऊन काही वर्षं झाली. माणूस ताठ, मिशी अजून रोज कातरलेली, आणि अख्ख्या नोकरीत गाडीला एक ओरखडा नाही हे दर दोन दिवसांनी कोणाला ना कोणाला सांगणारा. नातीवर जीव. मी गाळ्यातून आणलेलं एक रिजेक्ट झाकण दोघांच्या हातात असायचं, ती त्यांच्या मांडीवर बसून ते स्टेअरिंगसारखं फिरवायची आणि हे तोंडाने हॉर्न द्यायचे. बघायला छान वाटायचं. पण शनिवारी दुपारी फोन थरथरायचा आणि पलीकडून आवाज यायचा, "सूनबाई, पोरगी जेवली का?"

"बाबा, पोरगी तुमच्याकडे आहे."

"हो हो, तेच म्हणतोय. जेवली. व्यवस्थित जेवली."

पहिल्यांदा मी हसले. गाळ्यातल्या बायकांना सांगितलं, त्याही हसल्या. दुसऱ्यांदा असाच फोन आला तेव्हा मी हसले नाही, पण कोणाला सांगितलंही नाही. म्हातारं माणूस, विसरतं. मी स्वतः महिन्यातून दोनदा किल्ली घरात ठेवून दार ओढून घेते.

वर्ष संपत आलं तसं ताई मुलांना न्यायला आलेल्या आम्हा बायकांना हळूच म्हणाल्या, "अंदाजपत्रक होतंय. निधी पुढे द्यायचा की नाही ते ठरवायला साहेब पाहणीला येणारेत. गरज आहे का ते बघणार."

गरज आहे का? मला तेव्हाच चीड आली होती. आमच्या नाक्यावर हायमास्टचा दिवा लावला तेव्हा कोणी येऊन विचारलं नाही की तुमच्या घरी कंदील आहे का. रस्ता खणून पुन्हा केला तेव्हा कोणी विचारलं नाही की तुम्हाला चिखलातून चालता येतं का. पोरांचं आलं की मात्र गरज सिद्ध करा. घरी जाऊन मी भांडी आपटत हे सगळं बोलले. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चिडून काय होतंय? साहेब येतायत ना, मग साहेबांचं नीट झालं पाहिजे. ते माझ्यावर सोड."

आणि खरोखरच त्यांनी ते अंगावर घेतलं. समाजमंदिराच्या कट्ट्यावर रोज बसणारे चार निवृत्त गृहस्थ गोळा केले. डेपोची गोष्ट सांगितली. साहेब डेपोत येणार असले की आदल्या दिवशी सगळं धुऊन काढायचं, नादुरुस्त गाड्या मागच्या बाजूला नेऊन उभ्या करायच्या, धूर ओकणारी गाडी त्या दिवशी रूटवर पाठवूनच द्यायची. साहेबांना दिसल्या पाहिजेत त्या चकचकीत गाड्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ठरलं की रांगोळी काढायची, शाल आणि श्रीफळ द्यायचं, समोसे सांगायचे आणि मुलांना त्या दिवशी घरी ठेवायचं.

"मुलांना घरी?" मी विचारलं.

"अगं, रडतात, सांडतात, मध्येच शी करतात. साहेबांसमोर बरं दिसतं का?"

"बाबा, साहेब मुलंच बघायला येतायत."

"साहेब व्यवस्था बघायला येतायत," ते म्हणाले, आणि कट्ट्यावरचे चौघे माझ्याकडे असे बघायला लागले की मी गप्प बसले. ताई काही बोलू शकत नव्हत्या, त्या कंत्राटावर होत्या. बाकी आयांना ते पटलंच होतं. आमच्यात एक मासे विकणारी होती, इथल्या जुन्या पाड्यातली, पहाटे टोपली घेऊन निघणारी. ती म्हणाली, "बरोबर हाय. माजा पोरगा तर साहेबाचे पँटीला हात पुसंल." नया नगरची एक होती, ब्युटी पार्लरमध्ये काम करायची. ती तर आदल्या संध्याकाळी येऊन खिडक्या पुसून गेली.

पाहणीच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून गेले. समाजमंदिराची ती खोली मी कधी एवढी स्वच्छ पाहिली नव्हती. चटया गुंडाळून कोपऱ्यात उभ्या. खेळणी कपाटात, कपाटाला कुलूप. भिंतीवर पोरांनी काढलेल्या रेघोट्या कोणीतरी ओल्या फडक्याने घासून काढल्या होत्या. फिनेलचा वास. दारात मोठी रांगोळी आणि आम्ही सगळ्या ठेवणीतल्या साड्या, ड्रेस घालून ओळीने उभ्या. एकही मूल नाही. माझी पोरगी आमच्या मजल्यावरच्या काकूंकडे होती आणि माझा हात पर्समध्ये फोनवर होता.

साहेब तरुण होते, नम्र होते. चप्पल बाहेर काढून आत आले. शाल घेतली, नारळ घेतला, समोसा अर्धा खाल्ला. सगळीकडे फिरून पाहिलं. मग विचारलं, "मुलं?"

"घरी आहेत, साहेब," बाबा म्हणाले. "काळजी नसावी."

"घरी कोण बघतं?"

"घरी माणसं आहेत ना, साहेब. मी आहे. मी ह्यांचा सासरा. अख्ख्या नोकरीत गाडीला ओरखडा नाही माझ्या."

साहेब हसले. मग त्यांनी एकेकीला तेच विचारलं. मूल सांभाळायला घरी दुसरं कोणी आहे का? मासेवाली म्हणाली, "हाय ना, साहेब. सासू हाय, जाव हाय. घर भरलेलं हाय आमचं." तिची सासू त्या वेळी भाईंदरच्या बाजारात तिच्याच टोपलीशी बसलेली होती. पार्लरवाली म्हणाली, "सर, सब हैं घर में. अम्मी हैं, जेठानी हैं." तिची अम्मी उत्तर प्रदेशात गावाला होती आणि जेठानीशी बोलणं बंद होतं. खोटं बोलतोय असं त्यांना वाटतच नव्हतं. घरी कोणी नाही, असं आपल्याकडे बाई बोलत नाही. ते अनाथासारखं वाटतं. परक्या माणसासमोर, नटूनथटून, शेजारणींच्या ओळीत उभं राहून आपल्या लेकराला बघायला कोणी नाही हे कसं म्हणायचं? माझी पाळी आली तेव्हा साहेबांनी बाबांकडे बघून मान हलवली आणि मला विचारलंच नाही. मीही तोंड उघडलं नाही. समोर सासरे उभे होते.

जाताना साहेब म्हणाले, "जागा फार छान ठेवलीय हो." टाळ्या वाजल्या. त्या संध्याकाळी कट्ट्यावर बाबांनी दोन वेळा चहा पाजला. सगळं कसं शिस्तीत झालं, साहेब किती खूश होते, हे मी घरात ऐकत होते आणि माझ्या डोक्यात नुसतं फिरत होतं की तो माणूस काय बघून गेला. एक रिकामी खोली आणि भरलेली घरं बघून गेला.

नंतर ताईंनी साहेबांच्या अहवालातलं जे सांगितलं ते अगदी तसंच होतं. पाहणीच्या वेळी एकही मूल हजर नव्हतं. कुटुंबांत संगोपनाची पर्यायी व्यवस्था आहे. जागा स्वच्छ व हवेशीर असून ती विद्यार्थ्यांच्या अभ्यासिकेसाठी योग्य आहे. निधी पुढे चालू ठेवण्याची शिफारस नाही. हे सांगताना ताई एका पोराच्या शर्टाची बटणं लावत होत्या आणि त्यांचे हात थांबले नाहीत.

अभ्यासिकेला माझा विरोध नाही. पोरांनी शिकावं. पण अभ्यासिकेत बसण्याएवढं मोठं होईपर्यंत त्या पोराला कोणीतरी धरून ठेवायला लागतं, हे कोणाला सांगायचं? मला वाटतं आपल्याकडे सगळ्यात मोठी सरकारी योजना म्हणजे घरचं म्हातारं माणूस. तिला निधी लागत नाही, प्रशिक्षण लागत नाही, सुट्टी लागत नाही, आणि तिची पाहणी कोणी करत नाही. आजी नसेल तर आजोबा, आजोबा नसतील तर मोठी बहीण शाळा सोडून. हे सगळं मी मनातल्या मनात एवढ्या जोरात बोलत होते की शेअर रिक्षातल्या बाईने मला विचारलं, "कुछ कहा आपने?"

घरी मात्र मोठ्याने बोलले. "बाबा, मी सांगत होते. मुलांना तिथे ठेवायला पाहिजे होतं. आता काय करायचं? मी नोकरी सोडू?"

बाबांना वाईट वाटलं होतं, पण ते दाखवणारे नव्हते. "सोडायची कशाला? मी आहे ना. पुढच्या महिन्यापासून मी बघतो रोज. आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?"

त्यांनी वाढवली नव्हती. सासूबाईंनी वाढवली होती, बाबा बसवर होते. पण ते बोलून काय उपयोग होता? आणि खरं म्हणजे त्यांच्या "मी आहे ना" ह्या शब्दांनी मला थोडं बरंही वाटलं होतं. पगार गेला तर घराचा हप्ता कसा जाईल ह्या विचाराने मी आठवडाभर नीट जेवले नव्हते. मी मनाला सांगितलं की जमेल. शनिवारी जमतं, तर रोज का जमणार नाही?

पण त्यानंतर घरात काहीतरी बदललं. शनिवारी बाबा नातीला संध्याकाळी बागेत न्यायचे ते बंद झालं. मी विचारलं तर म्हणाले गुडघा दुखतोय. दाराची वरची कडी ते दिवसासुद्धा लावायला लागले. मी गाळ्यातून येऊन बेल वाजवली की आत स्टूल सरकवल्याचा आवाज यायचा, मग कडी निघायची. आणि मुलीला ते सारखे हाक मारायचे. ती समोर बसलेली असली तरी हाक मारायची, तिने ओ दिली की गप्प व्हायचं. फोन तर बंदच झाले. शनिवारी दुपारी फोन थरथरायचा नाही, आणि त्यानेच मला जास्त अस्वस्थ व्हायला लागलं. मीच करायचे. "बाबा, सगळं ठीक?" "ठीक आहे. माझ्या समोर आहे. कपाटाशी बसली आहे. लाल फ्रॉक घातलाय." एवढं सगळं मी विचारलेलं नसायचं.

दरम्यान आम्ही बायकांनी प्रभाग कार्यालयात जायचं ठरवलं. पुढाकार पार्लरवालीचा. ती म्हणाली, "एक बार और बात करते हैं. और इस बार बच्चों को लेके जाएँगे." मासेवालीने बाजाराला दांडी मारली, मी पुन्हा अर्धी रजा टाकली. बाबा म्हणाले, "मीही येतो." मी म्हटलं गुडघा दुखतोय तर कशाला, पण त्यांनी ऐकलं नाही. धुतलेला सदरा घालून, मिशी कातरून तयार होऊन दारात उभे राहिले.

तेच साहेब होते. ह्या वेळी पोरं होती, आणि पोरं जे करतात ते सगळं करत होती. मासेवालीच्या पोराने खरंच पँटीला हात पुसले. साहेब चिडले नाहीत, उलट पँट झटकून हसले. पण मुद्द्यावर आले तेव्हा म्हणाले, "तुमचं म्हणणं मला कळतंय. पण पाहणीत तुम्हीच सगळ्यांनी सांगितलंत की घरी माणसं आहेत. निधी कमी आहे, जिथे खरंच कोणी नाही तिथे आधी द्यावा लागतो. आता मी वर काय सांगू? बायकांनी शब्द फिरवला म्हणून?"

पार्लरवाली म्हणाली, "सर, वो तो मेहमान के सामने..." आणि थांबली. मासेवाली पदराशी खेळत राहिली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचे सासरे तर स्वतःच म्हणाले होते, मी आहे घरी म्हणून."

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते मी? की ते म्हातारे झालेत? की ते विसरतात? बाजूला ते स्वतः उभे होते, हात पाठीमागे बांधून, ताठ. माझ्या तोंडून "तसं आहे, पण" एवढंच निघालं.

"मी बोलतो," बाबा म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते साहेबांशीच बोलले, नोकरीत असताना बोलत असतील तसे, सरळ उभे राहून. "साहेब, त्या दिवशी मी म्हणालो घरी माणूस आहे. तो माणूस म्हणजे मीच. त्यानंतर एका शनिवारी मी हिला बागेत घेऊन गेलो. घसरगुंडीपाशी सोडली आणि बाकावर बसलो. मग उठलो आणि घरी आलो. चहा ठेवला, प्यायलो, पेपर वाचला. शेजारच्या बाईंनी विचारलं, आज नात नाही का. तेव्हा मला आठवलं की मला नात आहे."

मागे पोरांचा आवाज चालू होता.

"धावत गेलो. बागेत झाडू मारणाऱ्या बाईने हिला जवळ बसवून घेतलं होतं. बिस्किट खात होती. रडली नव्हती. मला बघून हसली. मी हे घरी कोणाला सांगितलं नाही, साहेब. मुलाला नाही, सुनेला नाही. मला वाटलं कडी लावून घेतली की होईल. पण ते काही खरं नाही. उद्या मी कडी लावल्याचंच विसरेन. किंवा गॅस."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग आवाज उतरवून विचारलं, "म्हणजे घरी मूल सांभाळायला सक्षम माणूस नाही, असं धरू, आजोबा?"

"धरा," बाबा म्हणाले.

त्यानंतर सगळ्याच बोलल्या. मासेवालीने सांगितलं सासू बाजारात असते, जाऊ आजारी असते, पोरगा आधी टोपलीशेजारी बर्फाच्या पाण्यात बसायचा. पार्लरवालीने जेठानीचं सांगितलं आणि सांगताना तिला रडू आलं. मी काय बोलले ते मला आठवत नाही. माझ्या डोळ्यांसमोर रिकामी घसरगुंडी होती, आणि त्या वेळी मी गाळ्यात उभी राहून कुठल्या डब्याचं झाकण तपासत होते ते मला आठवत नव्हतं. मला बाबांचा भयंकर राग आला होता आणि त्यांच्या पायाला हात लावावा असंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही एकाच वेळी होतं.

पुढे पाळणाघराला मुदतवाढ मिळाली. पुढच्या अंदाजपत्रकापर्यंत. तेव्हा पुन्हा पाहणी होणार, पुन्हा गरज आहे का ते बघणार, असं ताई म्हणाल्या. शनिवारीही चालू ठेवावं म्हणून आम्ही मागणी केली आहे, अजून उत्तर नाही. तोपर्यंत शनिवारी मी बिनपगारी रजा घेते किंवा नवरा काम बदलून घेतो, कसंतरी ढकलतो.

पण त्या दिवशी आम्ही कार्यालयातून रिक्षाने परत आलो, तेवढं सांगायचं राहिलं. मी मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. बाबा दुसऱ्या टोकाला, बाहेर बघत, मधे एका माणसाची जागा सोडून. एरवी ते रिक्षात बसताबसता तिला ओढून घेतात आणि ड्रायव्हरला वळणं सांगत बसतात. त्या दिवशी त्यातलं काही नाही. मुलगी मात्र नेहमीसारखीच. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग त्यांच्याकडे दोन्ही हात पसरले.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून त्यांनी मला कुठल्याही गोष्टीसाठी कधी विचारलं नव्हतं.

"घेऊ का?" त्यांनी विचारलं.

मी मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं. ती बसली, त्यांच्या सदऱ्याची बटणं ओढायला लागली. माझा हात मात्र तिच्या फ्रॉकच्या मागच्या बाजूला तसाच घट्ट धरलेला राहिला. तो काढायचा मी प्रयत्न केला, पण निघाला नाही. बाबांना तो दिसला. मुलगी पडू नये म्हणून ते थोडे माझ्या बाजूला सरकले, आणि मला हात धरायला सोपं जाईल असे बसले.